टक्क्यावर काम करणारा पीएफ एजंट आणि आमची गेलेली पेन्शन

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, लाइन 2023 मध्ये बंद झाली. आठ वर्षं एकाच कंपनीत कायम कामगार होते. हिशेब हातात ठेवला आणि गेटपास काढून घेतला. पुढे काय करायचं ते कंपनीतल्या कोणी सांगितलं नाही. सांगायला गेटसमोर एक जण टेबल टाकून बसलेलाच होता. पाटीवर लिहिलेलं: पीएफ, पेन्शन, ईएसआय (कामगार विमा), बेरोजगार भत्ता, काम झाल्यावरच पैसे.

त्याला शिव्या घालण्यासाठी हे लिहीत नाही, त्या समोरासमोर घालून झाल्या. पण तो कोणत्या फटीतून आत शिरतो हे कळलं, तर चार घरं वाचतील.

आम्ही लगेच त्याच्याकडे गेलो नव्हतो. आधी मुलाच्या मोबाइलवरून पीएफचा क्लेम भरला. तो रिजेक्ट झाला, कारण कंपनीने नोकरी सोडल्याची तारीखच टाकली नव्हती. एचआरला फोन लावले तर उचलत नव्हते. घरात पगार नाही, मुलाची फी थकलेली. अशा वेळी 'रिजेक्टेड' वाचलेला माणूस सरळ त्या टेबलाकडे जातो, आणि हे टेबलवाल्याला पक्कं ठाऊक असतं. "वहिनी, आत चारल्याशिवाय फाइल हलत नाही. माझी माणसं आहेत तिथे."

माणसं वगैरे कोणी नव्हती. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की ती तारीख कामगार स्वतः पोर्टलवर टाकू शकतो. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तेवढंच. त्याने यांचा फोन हातात घेऊन आमच्यासमोर तेच केलं आणि सांगितलं की साहेबांनी केलं.

मग म्हणाला, पीएफवर दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा टॅक्स, आहे, तो आधी रोख भरला तर क्लेम सुटेल. मी भिशी उचलून 20,000 रुपये दिले. नंतर कळलं ते असं: सलग पाच वर्षं नोकरी झाली असेल तर पीएफ काढताना टीडीएस कापतच नाहीत. आणि ज्याचा कापतात त्याचाही मिळणाऱ्या रकमेतूनच कापतात. क्लेम सुटावा म्हणून टॅक्सचे पैसे रोख मागणारा, मग तो टेबलावरचा असो की फोनवरचा, चोर समजावा.

भत्त्याचं काम त्याहून सोपं केलं त्याने. स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र करून घेतलं, त्याचे वेगळे पैसे घेतले, आणि अर्ज कुठे दिलाच नाही. वर दर वेळी ऐकवायचा, "दिल्लीहून मंजुरी यायचीय." या योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ज्यांचा ईएसआय कापला जातो त्यांच्यासाठी ती 2018 साली सुरू झाली. 2020 पासून रोजच्या सरासरी कमाईच्या निम्मी रक्कम मिळते, जास्तीत जास्त 90 दिवसांची, तीही आयुष्यात एकदाच. 18,000 पगार असेल तर साधारण 27,000 होतात. बेरोजगारीचे 30 दिवस भरले की अर्ज थेट ईएसआयच्या शाखेत किंवा ऑनलाइन देता येतो. प्रतिज्ञापत्राची अट 2020 मध्येच काढून टाकलेली होती. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून आज काय चालू आहे ते शाखेतच विचारा, टेबलावर नको.

पण 20,000 बुडाले याचं मला एवढं नाही. खरा घाव त्याच्या टक्केवारीने घातला.

तो आठ टक्के घेतो. म्हणजे आपले पैसे जितके जास्त बाहेर निघतील तितकी त्याची कमाई. म्हणून त्याने यांच्या फोनवरून पीएफचा 19 नंबरचा फॉर्म भरला आणि त्याच बैठकीत 10-सीसुद्धा भरला. ओटीपी आले, यांनी सांगितले. 10-सी म्हणजे पेन्शनच्या खात्यातले पैसे. खात्यात लाखाच्या आसपास जास्तीचे आले तेव्हा आम्हाला आनंदच झाला होता. पेन्शनला किमान दहा वर्षांची नोकरी लागते, ती या कंपनीत आणि पुढच्या कंपनीत मिळून चालते. यांना दोनच वर्षं कमी होती. त्याच फॉर्ममध्ये पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येतं आणि झालेली वर्षं जपून राहतात. पण सर्टिफिकेटवर आठ टक्के कोण देणार?

हे उघडकीला आलं सिन्नरला नवी नोकरी लागल्यावर. तिथली एचआरमधली मुलगी म्हणाली, "काका, तुमची मागची सर्व्हिस शून्य दिसतेय." पीएफ ऑफिसात विचारलं. एकदा घेतलेली रक्कम भरून वर्षं परत जोडता येणार नाहीत, असं खिडकीवर सांगितलं. 58 नंतर दरमहा येणारी रक्कम मोठी नसेलही. पण माझ्या सासूबाईंनी म्हातारपणी औषधाच्या गोळ्या निम्म्या करून खाल्लेल्या मी पाहिल्या आहेत.

त्याच धसक्याने ईएसआयच्या शाखेत गेलो. तिथे आमचा अर्जच नव्हता. स्वतः भरला, तो नामंजूर झाला. शाखेतल्या बाईंनी स्क्रीन फिरवून दाखवली. कंपनीने महिन्याच्या भरण्यात यांच्या नावापुढे 'काम सोडले' हे कारण निवडलं होतं. तिथे कामगार कपातीचा वेगळा पर्याय असतो. स्वतःहून काम सोडलेल्याला भत्ता नाही, शिस्तभंगाने काढलेल्याला नाही, निवृत्त झालेल्यालाही नाही. कारकुनाने यादीतल्या चुकीच्या ओळीवर क्लिक केलं की तुमचा हक्क गेला.

आम्हाला वाचवलं ते हिशेबाच्या कागदाने. त्यात कपातीची नुकसानभरपाई, दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, अशी ओळ होती. राजीनामा दिलेल्याला ती कोण देतं? त्या कागदाची प्रत जोडून लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवरही घातलं. तिथे पहिली तक्रार 'निकाली' म्हणून बंद केली. बंद झाल्यापासून 30 दिवसांत तिथेच अपील करता येतं, ते केलं. मग कंपनीकडून कारण दुरुस्त करून घेतलं गेलं आणि पैसे खात्यात आले, कुणाला एक रुपया न देता. पीएफची तक्रार असेल तर दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्यात 'निधी आपके निकट' हे शिबिर भरतं. तिथे अधिकारी समोर बसलेले असतात.

राजीनाम्यावर सही मागतील, ती देऊ नका. मागणारे गोड बोलतात, "फॉर्मॅलिटी आहे." हिशेबाचा प्रत्येक कागद फोटो काढून ठेवा. ओटीपी सांगायची वेळ आलीच, तर आधी मेसेजमध्ये कोणत्या कामासाठी आहे ते वाचून घ्या. इंग्रजी येत नसेल तर शेजारच्या कॉलेजातल्या पोराला वाचायला लावा. खात्यातून परस्पर पैसे गेले तर 1930 वर लगेच फोन करा.

पोलिसात आम्हीही गेलो. रोख दिलेले, पावती नाही, ओटीपी स्वतः सांगितलेला, असं सगळं ऐकून हवालदारांनी त्याला बोलावून दम दिला. टीडीएसचे 20,000 त्याने दोन हप्त्यांत परत केले. आठ टक्के मात्र दिले नाहीत. "काम तर केलंय ना वहिनी," म्हणाला.