मुलाचं वजन आणि घरचा मोबाइल: जानेवारी ते पोळा, वापरानंतरचा अनुभव

आर्वी तालुक्यातलं आमचं गाव, घरी कापूस-तुरीची शेती. मुलगा नऊ वर्षांचा. जानेवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं, तेव्हा त्याची उंची 132 सेंटिमीटर आणि वजन 40 किलो भरलं. डॉक्टरांनी त्याच्या मानेमागची काळपट, जाडसर कातडी दाखवली. तो मळ नसतो, कितीही घासा, जात नाही. शरीरात इन्सुलिनचं काम नीट चालत नसल्याची ती खूण असू शकते. पुढे बालरोगतज्ज्ञांनी रक्त तपासलं. साखर ठीक निघाली. त्यांनी एवढंच बजावलं: वाढत्या लेकराचं वजन उतरवायच्या मागे लागू नका, ते आहे तिथंच थांबवा आणि उंची वाढू द्या.

याचा हिशोब सोपा आहे. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय येतो. 132 सेंटिमीटरला 40 किलो म्हणजे 23. तेच 40 किलो 136 सेंटिमीटरला 21.6 होतात. म्हणून उपाशी ठेवायची गरज नाही. मोबाइलमधलं प्रत्येक साधन मी याच कसोटीवर पाहिलं.

सगळ्यात आधी पैसे भरून कॅलरी मोजायचं एक अ‍ॅप घेतलं. लहान मुलांसाठी ते घेऊ नका, हे मी कळकळीनं सांगते. त्यानं 23 चा आकडा हिरव्या रंगात 'नॉर्मल' दाखवला, कारण त्याचं माप मोठ्या माणसांचं. नऊ वर्षांच्या मुलाचा 23 हा लठ्ठपणाच्या रेषेच्या वर जातो. मुलांचा बीएमआय वय आणि मुलगा-मुलगी पाहूनच वाचायचा असतो. त्यासाठी भारतीय बालरोग अकादमीचे 5 ते 18 वर्षांचे 2015 चे वाढ-तक्ते आहेत. डॉक्टर त्यावरच ठिपके देतात. दुसरं म्हणजे ते अ‍ॅप 'किती किलो कमी करायचंय' विचारून रोजचं खाणं कापायला सांगतं, आणि वाढत्या वयात हे धोक्याचं आहे. शिवाय आमचं जेवण त्याला ओळखता येत नाही. रोडगे नाहीत, पातोडी नाही, आंबील नाही. वांग्याची भाजी 'एक वाटी' म्हणून नोंदवता येते, पण वर तरंगणारं तेल त्यात धरलेलं नसतं. एक ग्रॅम तेलात 9 कॅलरी, पिठा-साखरेच्या एका ग्रॅममध्ये 4. म्हणजे फरक तिथेच पडतो.

खरा उपयोग झाला तो व्हॉट्सअ‍ॅपवरच्या घरच्या गटाचा. गटात आम्ही दोघं, सासूबाई, आबाजी (मुलाचे आजोबा) आणि किराणा दुकान चालवणारे दीर. मुलगा जे खाईल त्याचा फोटो जो देईल त्यानं टाकायचा. रागवायचं नाही, सल्लाही द्यायचा नाही. फोटो काढला की फोन फडताळात, कारण त्याला मोबाइल पाहत जेवायची सवय होती आणि पोट भरल्याचं कळतच नव्हतं. काही दिवसांतच सगळ्यांना एकत्र चित्र दिसलं. जेवण ठीकच होतं. शाळेची खिचडी, घरी वरण-पोळी, कधी भाकर-पिठलं. भर पडत होती मधल्या वेळात: सकाळी आजीकडे चहा-टोस्ट, शाळा सुटल्यावर काकाच्या दुकानातलं पाच रुपयांचं पाकीट, संध्याकाळी आबाजींसोबत पुन्हा चहा-बिस्किटं. देणाऱ्या प्रत्येकाला आपण एकदाच देतो असं वाटत होतं, आणि ते खरंही होतं.

सासूबाईंचा विरोध होता. "लेकरू खाते-पेते, त्याले कायले नजर लावता? काटा कापसाले लावा, पोट्ट्याले नोको!" त्यांचं दुखणं मला समजतं. ज्या पिढीनं लेकरं वाळलेली पाहिली, तिला गुटगुटीत नातू म्हणजे देवाची कृपा वाटते. मी वाद घातला नाही. फोटो त्यांनीच पाहिले, आणि पुढे टोस्टच्या जागी फुटाणे, संत्र्याच्या दिवसांत संत्री त्यांनीच सुरू केली. दिरांनी आंब्याच्या शीतपेयाच्या बाटलीमागचं लिहिलेलं वाचून गटात टाकलं: 100 मिलीला 12 ग्रॅम साखर. म्हणजे 200 मिलीची बाटली संपली की 24 ग्रॅम, जवळजवळ सहा चमचे. त्या दिवसापासून पुतण्याला त्यांनी ती दिली नाही.

चालणं मोजणारं अ‍ॅप आमच्या काही कामाचं नाही. फोन असतो बापाच्या खिशात, शेतात. मुलाच्या फोनची वेळ ठरवून देणारं गूगलचं फॅमिली लिंक हे अ‍ॅप मात्र चांगलं चालतं. वेळ संपली की त्याच्या हातातला जुना फोन बंद होतो, त्यामुळे रोज आईशी भांडण होत नाही. झोपही लवकर लागते. मुलांनी दिवसाला सरासरी तासभर मध्यम ते जोरदार हालचाल होईल असं खेळावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना ते जमवणं अवघडच. सकाळी आठच्या आत आणि दिवस मावळल्यावर, एवढाच वेळ उरतो. उन्हाळ्यात वजन 41 झालं होतं. शाळा, सायकल आणि कबड्डी सुरू झाल्यावर परत 40 वर आलं.

वजन महिन्यातून एकदाच करतो, त्याच काट्यावर, सकाळी. आकडा माझ्या फोनमध्ये राहतो, त्याला सांगत नाही. पाहुण्यांसमोर 'जाड्या' म्हणायला घरात सगळ्यांना बंदी आहे. त्याला दाखवतो ती दाराच्या चौकटीवरची उंचीची खूण, आता 136.

तान्ह्या पोळ्याला तो लाकडी बैल घेऊन घरोघरी गेला, झोळीभर खाऊ घेऊन आला. पुरणपोळीही खाल्ली. त्या दिवशी गटात फोटो टाकायचे नाहीत, असं आधीच ठरलं होतं.

मानेची कातडी अजून पूर्ण उजळलेली नाही. डॉक्टर म्हणतात, वेळ लागतो. रात्री घोरणं थांबलंय. पैसे भरलेल्या अ‍ॅपची मुदत दसऱ्याला संपते, पुन्हा भरणार नाही. घरचा गट चालू ठेवतोय. शेजारच्या ताईंच्या मुलीचं वजनही वाढलंय. त्यांना मी एवढंच सांगितलं की आधी डॉक्टरांकडून तक्त्यावर ठिपका घ्या, मग घरातल्या खाऊ देणाऱ्या सगळ्यांना एका गटात घ्या.