शुअर एसएम५८ : एकट्याने उभं राहून हसवणाऱ्यांसाठी कितपत कामाचा?

सांगली, मिरज, साताऱ्यात स्टँड-अप करणाऱ्या मुलामुलींची संख्या आता बरी झाली आहे. कॅफेतला ओपन माइक (कोणीही नाव देऊन मंचावर यायचं), कॉलेजचं गॅदरिंग, सोसायटीचा गणपती, एखाद्या कारखान्याचा वार्षिक मेळावा, कुठेही पंधरा मिनिटांपासून तासाभरापर्यंत उभं राहावं लागतं, आणि दर ठिकाणी हातात येणारा माइक वेगळा. त्यामुळे स्वतःचा माइक घ्यावा असं प्रत्येकाला लवकरच वाटू लागतं. घ्यायचा तर शुअर कंपनीचा एसएम५८ घ्यावा, वायरचा आणि बटण नसलेला. पण तो घेऊनही ज्यांचा आवाज गढूळ येतो, ज्यांच्या हातात तो शिट्टी मारतो, असे लोक कमी नाहीत. त्यात दोष माइकचा क्वचित असतो. बहुतेक वेळा तो धरणाऱ्या हाताचा किंवा हॉलचा असतो.

हा माइक बाजारात आला १९६६ साली, आणि ज्या पद्धतीच्या विनोदाला आपण आज स्टँड-अप म्हणतो, त्याचा ब्रिटनमधला विस्तारही साधारण त्यानंतरचाच. बिली कॉनोलीची कारकीर्द बघा. जन्म १९४२, ग्लासगोचा. जहाजबांधणीच्या कारखान्यात वेल्डर, मग बँजो वाजवत लोकगीतं म्हणणारा. जेरी रॅफर्टीबरोबर त्याची हम्बलबम्स नावाची जोडी होती. दोन गाण्यांच्या मधली त्याची बडबड वाढत गेली, लोक गाण्यांपेक्षा तिचीच वाट बघू लागले. आपल्याकडे ऑर्केस्ट्राचा निवेदक कधीकधी गायकापेक्षा जास्त टाळ्या घेऊन जातो, तसलाच प्रकार. १९७५ मध्ये पार्किन्सन यांच्या टीव्हीवरच्या गप्पांत तो आला आणि साऱ्या देशाला माहीत झाला. मुद्दा असा, की तो आधीपासून माइकसमोर वाढलेला होता. ओरडून सांगायची गरजच नव्हती. शेजाऱ्याशी बोलल्यासारखं बोलून हजार माणसांपर्यंत पोचता येतं, हे त्याला गाण्याने शिकवलं होतं.

आपल्याकडे नेमकी उलटी अडचण आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात नाटक उभं केलं, त्या सांगलीतली मुलं एकांकिकांमधून येतात आणि येताना आवाज फेकायची सवय घेऊन येतात. रंगमंचावर तो गुण आहे. माइकपाशी त्याचं उलटं होतं: वाक्याच्या सुरुवातीला मिक्सरचा लाल दिवा लागतो, साउंडवाला आवाज कमी करतो, आणि विनोदाचा शेवटचा शब्द, ज्यावर हशा यायचा, तो कोणालाच ऐकू जात नाही. जो ब्रँड ही ब्रिटिश विनोदी कलाकार आधी दहा वर्षं मनोरुग्णालयात नर्स होती. तिची बोलण्याची तऱ्हा सपाट, कंटाळलेली, सूर न चढवणारी. माइक नसता तर ती तऱ्हा चौथ्या रांगेच्या पुढे गेली नसती. आपल्या नेहमीच्या बोलण्यापेक्षा जेमतेम थोडं मोठं बोला आणि उरलेलं काम माइकवर सोपवा.

आता वस्तूकडे वळू. वजन २९८ ग्रॅम, म्हणजे हातात जाणवण्याइतकं. डायनॅमिक जातीचा आहे, त्यामुळे त्याला वीज लागत नाही. मिक्सरवर ४८ व्होल्टचं फँटम, म्हणजे इतर जातीच्या माइकांना केबलमधूनच दिली जाणारी वीज, चालू राहिलं तरी बॅलन्स्ड (बाहेरची गुणगुण टाळणाऱ्या) केबलवर काही बिघडत नाही. तो ५० ते १५,००० हर्ट्झ ऐकतो. खालचा खर्ज थोडा कापलेला आणि बोलणं स्पष्ट करणाऱ्या वरच्या पट्टीत किंचित उठाव, अशी त्याची घडण आहे. माणसाच्या बोलण्याला याहून जास्त काही लागत नाही. ऐकण्याची दिशा कार्डिऑइड: समोरचं सगळ्यात जास्त, बाजूचं कमी, पाठीमागचं सगळ्यात कमी.

या ‘पाठीमागचं कमी’ या एका गोष्टीवर अर्धं यश अवलंबून आहे. तुमच्यासाठी मॉनिटर, म्हणजे तुमचाच आवाज तुम्हाला ऐकवणारा स्पीकर, ठेवला असेल तर तो तुमच्या अगदी समोर, जमिनीवर हवा, म्हणजे माइकचं शेपूट त्याच्याकडे राहतं. बाजूला ठेवला तर शिट्टी लवकर येते. मोठे स्पीकर नेहमी तुमच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला. मंगल कार्यालयात ते बहुधा स्टेजच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेले असतात, ते आधी पुढे सरकवून घ्या. आणि जाळीचा गोळा मुठीत धरू नका. रॅप गाणारे धरतात, ते बघून अनेकजण धरतात. जाळीच्या मागच्या बाजूने आत जाणारी हवा बंद झाली की दिशेचा गुणच संपतो, माइक चहूबाजूंनी ऐकू लागतो आणि हॉल किंचाळतो. पकड मधल्या दांड्यावर, जाळीखाली दोन बोटं सोडून.

अंतराचं गणित सोपं आहे, पण ते हातात मुरावं लागतं. नेहमीचं बोलणं ओठांपासून दोन-तीन बोटांवर. कुजबुजायचं असेल तर अगदी जवळ. जवळ गेलं की खर्ज आपोआप वाढतो आणि आवाज कानात सांगितल्यासारखा येतो. ओरडायचं असेल तर वीतभर लांब न्यायचा. जाड आवाजाच्या पुरुषांनी फार जवळ राहिलं तर बोलणं घुमटातून आल्यासारखं होतं. बारीक आवाजाच्या मुलींना मात्र त्याच जवळिकीने वजन मिळतं. मराठीत बोलणाऱ्यांनी आणखी एक पाहावं: भ, फ, ख, ठ या महाप्राण अक्षरांत हवेचा झोत जास्त असतो. माइक तोंडासमोर सरळ धरला तर ‘भाऊ’ म्हणताना स्पीकर धाडकन धक्का देतो. तो हनुवटीच्या पातळीवर, साधारण ४५ अंशांत तिरका ठेवा, म्हणजे झोत वरून निघून जातो. चेहराही मोकळा राहतो, आणि विनोदात निम्मं काम चेहरा करतो.

बटणाचं मॉडेल एसएम५८एस. ते घेऊ नका. अंगठा नकळत बटणावर जातो, आवाज जातो, आणि साउंडवाला केबल तपासत बसतो. लंडनच्या सोहो भागात मे १९७९ मध्ये कॉमेडी स्टोअर सुरू झालं. तिथे अलेक्सी सेल सूत्रसंचालक होता आणि न आवडलेल्याला गाँग वाजवून खाली उतरवत. एका रात्रीत कितीतरी जण एकामागून एक त्याच माइकवर येतात, अशी ही क्लबांची रीत. तिथे लागतो तो न बिघडणारा, सगळ्यांच्या हाती सारखाच वागणारा माइक. सांगलीच्या ओपन माइकलाही हेच लागतं.

माइकपेक्षा जास्त दुर्लक्ष होतं ते स्टँडकडे. तीन पायांचा स्टँड अंधारात पायात येतो. गोल, जड बेसचा सरळ स्टँड घ्या, आडवा दांडा नसलेला. डब्यात क्लिप येते आणि ५/८ इंचाचे आटे ३/८ इंचाला बसवणारी छोटी जोडरिंगही येते. ही रिंग पहिल्याच महिन्यात हरवते, म्हणून ती क्लिपमध्येच घट्ट बसवून ठेवावी. मंचावर गेल्यावर माइक काढायचा आणि स्टँड उचलून मागे ठेवायचा. तो पुढेच राहिला तर तासभर तुम्ही गजाआड उभे दिसता. माइक काढताना क्लिपमधून सरळ वर ओढा. झटका दिला की तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

वाजवता-गाता बोलणाऱ्यांना मात्र आडवा दांडा लागेल. ब्रिटिश विनोदी कलाकार व्हिक्टोरिया वुडने सुरुवात पियानोवर विनोदी गाणी म्हणत केली, १९७४ मध्ये टीव्हीवरच्या ‘न्यू फेसेस’ स्पर्धेतून पुढे आली, पुढे पियानोपासून उठून नुसतं बोलूही लागली, आणि १९९३ मध्ये तिने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पंधरा रात्री तिकीटबारी भरवली. हार्मोनियम किंवा गिटार घेऊन बसणाऱ्याने एसएम५८ तोंडासाठीच ठेवावा आणि वाद्याला दुसरा माइक लावावा, त्याच घराण्यातला एसएम५७ चालतो. एकाच माइकमध्ये दोन्ही पकडायला गेलं की बोलताना भाता ऐकू येतो.

केबल वेगळी घ्यावी लागते. ‘एलसी’ लिहिलेल्या डब्यात ती नसते. दोन्ही टोकांना तीन पिनांची एक्सएलआर, बॅलन्स्ड, दहा मीटर. एका टोकाला पी-३८ची जाड पिन असलेली केबल स्वस्त पडते आणि जुन्या अँप्लिफायरला थेट बसतेही, पण लांब ओढली की गुणगुण पकडते. लाइटच्या डिमरशेजारून नेली तर विचारूच नका. केबल टेपने जमिनीला चिकटवा, पण शेवटचे तीन-चार मीटर मोकळे ठेवा, नाहीतर फिरताना माइक मागून ओढला जातो.

मिक्सरवर काय सांगायचं? पहिली गोष्ट: इको बंद. आपल्याकडच्या साउंडवाल्यांचा हात मिरवणुकीच्या डॉल्बीवर बसलेला असतो आणि निवेदकाच्या आवाजाला इको नसला तर त्यांना तो उघडा वाटतो. विनोदात मात्र थांबा महत्त्वाचा, आणि इको नेमका तो थांबा भरून टाकतो. मग १०० हर्ट्झखालचं कापा. हॉल घुमत असेल तर २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास थोडं उतरवा. वरची पट्टी वाढवायचा मोह टाळा, माइकमध्ये ती मुळातच उचललेली आहे. शिट्टी बहुधा तिथूनच सुरू होते. कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं यंत्र) असेल तर तीनास एक, त्याहून जास्त नको. नुसतं ‘हॅलो, चेक’ म्हणून चाचणी होत नाही. तुमच्या कार्यक्रमातलं सगळ्यात हळू वाक्य आणि सगळ्यात मोठी आरोळी, दोन्ही म्हणून दाखवा आणि गेन, म्हणजे माइकचा आवाज मिक्सरमध्ये किती घ्यायचा ते बटण, आरोळीवर लावून घ्या. माइकवर फुंकू नका, टिचक्याही मारू नका. हशा चालू असताना आवाज चढवायचा नाही, हेही साउंडवाल्याला आधी सांगून ठेवावं, कारण हशा ओसरला की पुढचं वाक्य अंगावर येतं.

स्टुअर्ट ली हा ब्रिटिश कलाकार कधीकधी माइक ठेवून देतो आणि प्रेक्षकांत शिरून तसाच बोलतो. करून बघायचं असेल तर भावे नाट्यमंदिरासारख्या बांधीव नाट्यगृहात करा. पत्र्याच्या कार्यालयात पंखे, जनरेटर आणि मागे चाललेली जेवणाची मांडामांड यांत आवाज तिसऱ्या रांगेत संपतो, आणि पावसाळ्यात तर पहिल्याच. माइक ठेवायचा तर स्टँडवर. जमिनीवर मॉनिटरकडे तोंड करून ठेवला तर तो तुमच्या जागी बोलू लागेल.

देखभाल थोडीच आहे, पण कोणी करत नाही. जाळी उलट्या दिशेने फिरवली की निघते. आतला फोम थुंकी आणि घाम पितो. घामाने निथळत कार्यक्रम करण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या ब्रिटिश विनोदी कलाकार ली इव्हान्ससारखी तुमची तऱ्हा असेल, किंवा नुसता सांगलीतला एप्रिल असेल, तरी महिन्यातून एकदा जाळी आणि फोम कोमट पाण्यात भांड्यांच्या सौम्य साबणाने धुवा आणि रात्रभर पूर्ण वाळू द्या. मधल्या गोल कार्ट्रिजला पाणी लागता कामा नये. जाळी चेपली तर घाबरू नका, पडल्यावर मार तिनेच खायचा असतो. नवी सुटी मिळते.

कोणी घेऊ नये? एकपात्री करणाऱ्यांनी. एका अंगात पाच पात्रं वावरत असतील, दोन्ही हात अभिनयाला लागत असतील, तर हातातला माइक हे लोढणंच आहे. तिथे डोक्याला बसणारा हेडसेटच हवा, आणि त्यासाठी चांगला वायरलेस संच, म्हणजे खर्च कितीतरी पटीने जास्त. याच माइकचं डोकं असलेले हातात धरायचे वायरलेस माइकही मिळतात. पैसे असतील तर वाईट नाहीत, पण गणपतीत एकाच चौकात तीन मंडळांचे वायरलेस सुरू असतात आणि बॅटरी संपते ती बरोबर शेवटच्या पाच मिनिटांत. पहिला माइक वायरचाच असू द्या.

खरेदीत एकच धोका, नकली माल. हा जगात सगळ्यात जास्त नक्कल होणाऱ्या माइकांपैकी एक आहे. दोन-अडीच हजारांत नवा एसएम५८ मिळत असेल तर तो एसएम५८ नाही. हातात घेऊन वजन पाहा, नकली बहुधा हलका लागतो. खालच्या सॉकेटमध्ये पिनांशेजारी १, २, ३ आकडे असायला हवेत. अधिकृत विक्रेत्याचं जीएसटी बिल घ्या, वॉरंटी त्यावरच चालते. वापरलेला घेतला तरी चालतो, फक्त जाळी काढून फोम बघा आणि हलवून आत काही खुळखुळतंय का ते ऐका. कार्ट्रिज गेलेली असेल तर तीही सुटी मिळते, सोल्डरिंग येणारा कोणीही ती बदलून देतो. भाव करताना तिची किंमत वजा करून सांगा.