₹300 चं काम, ₹15,600 चं बिल: रात्रीत बॅटरी उतरते म्हणून लुटलं

बॅटरी ₹5,400. ऑल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) 'रिबिल्ट' ₹7,500. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) रिसेट ₹1,500. वायरिंग चेकिंग ₹1,200. एकूण ₹15,600, तेही कच्च्या पावतीवर. एवढं घालून आठवड्याच्या आत गाडी पुन्हा सकाळी टकटक करत उभी. खरा बिघाड दुसऱ्या वायरमनने ₹300 मध्ये काढला: स्टेरिओची लाल वायर चुकीच्या जागी जोडलेली होती.

हा धंदा चालतो कसा, ते कळण्यासारखं आहे. स्टेरिओला दोन सप्लाय असतात. पिवळी वायर कायम चालू, घड्याळ-मेमरीसाठी. लाल वायर चावी फिरवली की चालू. ॲक्सेसरीवाला घाईत दोन्ही एकत्र पिळतो, म्हणजे चावी काढली तरी स्टेरिओ झोपत नाही. त्याची निळी वायर ॲम्प्लिफायरला जागं ठेवते, तोही रात्रभर करंट खातो. इथे मोजला तर 1.9 अँपिअर निघाला. दहा तासांत 19 अँपिअर-तास. बॅटरी 35 अँपिअर-तासांची.

नवी, पूर्ण चार्ज बॅटरी एवढं गमावूनही पहिल्या सकाळी सेल्फ मारते. दिवसभरात शहरातल्या चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत ते 19 भरून येत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाडी बंद. पैसे खिशात जाऊन पचेपर्यंत बिघाड झाकायला हे दिवस पुरतात. मग 'बॅटरी नाही, ऑल्टरनेटर गेलाय' हा दुसरा अंक.

आणि नेमकं तिथेच पकडायला हवं होतं. इंजिन चालू ठेवून गॅरेजवाल्याने आमच्यासमोर मीटर लावला, आकडा आला 14.1 व्होल्ट. 13.8 ते 14.4 म्हणजे चार्जिंग ठणठणीत! तो आकडा दाखवून म्हणतो, "बघा साहेब, डायनामो गेलाय." म्हणजे ऑल्टरनेटरच. आकडा डोळ्यांसमोर होता. पण सकाळी साडेआठला ऑफिस गाठायचं असताना, हातात मीटर घेतलेल्या माणसाला 'थांब' म्हणणारे किती असतात? करंट उलटा जाऊ न देणारा ऑल्टरनेटरमधला डायोड गळतो हे खरं, तेव्हा चार्जिंग दिसायला बरं असूनही ऑल्टरनेटर रात्री करंट खाऊ शकतो. पण ते सांगायला गाडी बंद करून करंट मोजावा लागतो. त्याने तो मोजलाच नाही.

मोजायचं असं. 10 अँपिअरचं सॉकेट असलेला मल्टीमीटर घ्या. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मिळतो. बोनेट उघडून त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने बंद करा, चावी गाडीपासून लांब ठेवा, दारं लॉक करा. 10 नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा (आधी निगेटिव्ह, नेहमी) आणि मीटर बॅटरीचं टोक आणि काढलेली केबल यांच्यामध्ये लावा. मग तीस-चाळीस मिनिटं थांबा, कारण कंट्रोल युनिट्स झोपायला वेळ घेतात आणि सुरुवातीचा आकडा खोटा असतो. 20 ते 50 मिलीअँपिअर (0.02 ते 0.05 अँपिअर) ठीक. त्याहून खूप जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडतो, त्या सर्किटमध्ये चोर. मीटर लावलेला असताना चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

सगळे फ्यूज काढूनही आकडा पडला नाही, तर ॲम्प्लिफायर बघा. त्याची जाड वायर थेट बॅटरीवरून जाते, फ्यूजबॉक्सशी तिचा संबंध नाही. तोही नसेल, तर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ऑल्टरनेटरची जाड वायर सोडवा, तिचं टोक टेपने झाका, पुन्हा मोजा.

जुनी बॅटरी देऊ नका! तिची वॉरंटी शिल्लक होती. ती 'स्क्रॅपला' नेली, बिलात एक रुपया वजा नाही, आणि आता बॅटरीशिवाय वॉरंटी कार्ड चाटायचं का? सीरियल नंबरचा फोटो आधीच काढून ठेवा.

आता तक्रारीचं. चौकीत म्हणाले, "सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक मंचात जा." ग्राहक हेल्पलाइनला फोनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, पुढे 'दुकानदाराचा प्रतिसाद नाही' म्हणून फाइल बंद. अरे, प्रतिसाद देणारा असता तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? पक्कं बिल नाही म्हणून पुरावा नाही, आणि यूपीआयवर नाव गॅरेजचं नाही, कुणा भलत्याचंच. चोराने पावती दिली नाही, म्हणून चोरी झालीच नाही! वकील ₹8,000 मागतो, ₹15,600 साठी. वकिलाशिवायही जिल्हा ग्राहक आयोगात उभं राहता येतं, 5 लाखांपर्यंत फी नाही, मुदत 2 वर्षं. 2019 च्या कायद्यात निकाल 3 महिन्यांत, वस्तूची तपासणी लागली तर 5 महिन्यांत लावायचा प्रयत्न करा असं लिहिलंय. प्रयत्न!

म्हणून पैसे यूपीआयने देताना गॅरेजच्याच नावावर द्या, नाहीतर देऊच नका. कच्च्या पावतीला बिल समजू नका. बॅटरी बदलायची म्हणाला, तर टेस्टरची छापील चिठ्ठी मागा. रात्रभर उभ्या असलेल्या चांगल्या बॅटरीला 12.6 व्होल्ट हवेत, सेल्फ मारताना 9.6 च्या खाली जाता कामा नये. पण गळती असेल तर चांगलीही बॅटरी उतरलेलीच दिसेल, म्हणून आधी चार्ज करून मगच टेस्ट. आणि नवा स्टेरिओ, डॅशकॅम, ट्रॅकर काहीही बसवलं, तर दुकानातच चावी काढून, गाडी झोपवून, मिलीअँपिअर मोजून घ्या. "घरी जाऊन बघा" म्हणाला, तर पैसेही घरी जाऊनच द्या.