सांगलीत बसून सेल्फ-ड्रायव्हिंगची रिमोट इंटर्नशिप: सहा महिन्यांनंतर

गाडीला वळण घ्यायला शिकवणारा कोड पहिल्याच महिन्यात हाती पडेल, या आशेवर असाल तर ती आधीच सोडा. रेकॉर्डिंग उघडायचं, सेन्सरच्या वेळा जुळवायच्या, फसलेला प्रसंग पुन्हा घडवून त्याला टेस्ट लावायची, यातच बहुतेक दिवस जातात. शिकायला मिळतं तेही इथेच.

आधी डेटाचा हिशेब. 64 बीमचा लायडार (लेझर फिरवून अंतर मोजणारा सेन्सर), एका फेरीत 2048 कोन, सेकंदाला 10 फेऱ्या: सेकंदाला 13 लाखांवर बिंदू. प्रत्येक बिंदूला 16 बाइट धरले तर मिनिटाला सव्वा जीबी, गाडीने रस्त्यावर वीस मिनिटं चक्कर मारली की 25 जीबी. कॅमेरे अजून मोजलेलेच नाहीत. 100 एमबीपीएसच्या फायबरवर हे उतरवायला कागदावर 34 मिनिटं लागतात, प्रत्यक्षात तास धरा. त्यामुळे घरी काही उतरवायचंच नाही. एसएसएचने (दूरच्या मशिनशी टर्मिनलवरून सुरक्षित जोडणी) क्लाउडवरच्या मशिनवर जायचं, तिथेच बॅग फाइलमधून, म्हणजे सेन्सरच्या रेकॉर्डिंगमधून, हवे ते तीन-चार टॉपिक (एकेका सेन्सरचा प्रवाह) आणि हवी ती तीस सेकंदं कापायची, आणि बघण्यापुरता तुकडा खाली आणायचा. तोही परवानगी असेल तरच. रस्त्यावरचे चेहरे आणि नंबरप्लेट त्यात असतात. असं काम करायचं तर 16 जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. महागडं ग्राफिक्स कार्ड घेऊ नका.

लांबणारं प्रत्येक काम क्लाउडच्या मशिनवर टीमक्समध्येच सुरू करा; जोडणी तुटली तरी त्यातलं काम चालू राहतं. लाईट गेली, एसएसएच तुटलं, की उघड्या टर्मिनलमधलं काम त्याच्याबरोबर मरतं. घरात इन्व्हर्टर असला तरी लाईटवरून त्यावर जाताना झटका बसतो आणि राउटर रीस्टार्ट होतो. राउटरला 12 व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावला की हा त्रास संपतो. अडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर आधी वाचा. विश्रामबाग असो की मिरज, कनेक्शन घेताना केबलवाल्याला एक विचाराच: घरापर्यंतच्या लाइनमधला नेटवर्क स्विच लाईटवर आहे का? असेल आणि त्याला बॅकअप नसेल, तर घरचा यूपीएस नुसता शोभेला.

सगळ्यात जास्त वेळ खातात ते टाइमस्टॅम्प, म्हणजे प्रत्येक नोंदीवरची वेळ. गाडी ताशी 60 किलोमीटरने जात असेल तर लायडारची एक फेरी होईपर्यंत ती 1.67 मीटर पुढे गेलेली असते. ही हालचाल वजा केली नाही तर खांबही चुकीच्या जागी दिसतो, आणि नवखा माणूस दोन दिवस कॅलिब्रेशनला (सेन्सरच्या जागा-कोनांची जुळणी) शिव्या देत बसतो. त्याहून छुपी चूक अशी: मेमरी वाचवायला कोणी वेळेचा रकाना फ्लोट32 (32 बिटांचा दशांश आकडा) करून टाकतो. युनिक्स टाइम, म्हणजे 1970 च्या सुरुवातीपासून मोजलेले सेकंद, आता 170 कोटींच्या पुढे आहे. एवढ्या आकड्यावर फ्लोट32 ची एक पायरी 128 सेकंदांची होते. म्हणजे दोन मिनिटांतल्या सगळ्या फ्रेमना जवळपास एकच वेळ! एरर कुठेच येत नाही, फक्त ट्रॅकिंग वेड्यासारखं वागतं. वेळ नॅनोसेकंदांत, इंट64 (64 बिटांचा पूर्णांक) मध्येच ठेवा. क्वाटर्नियनचंही (दिशा सांगणारे चार आकडे: एक्स, वाय, झेड, डब्ल्यू) तेच: आरओएस या रोबॉटिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये डब्ल्यू शेवटी, न्यूसीन्स या खुल्या डेटासेटमध्ये पहिला. अदलाबदल झाली तरी प्रोग्रॅम मुकाट चालतो.

सिम्युलेटरबद्दल एवढंच: कार्ला (गाडीचा आभासी सिम्युलेटर) सिंक्रोनस मोडमध्ये, म्हणजे तुमचा प्रोग्रॅम सांगेल तेव्हाच पुढे सरकेल असा, 0.05 सेकंदांच्या ठरलेल्या पायरीने चालवा. नाहीतर मशिन मंदावलं की निकाल बदलतो, आणि काल पास झालेली टेस्ट आज नापास.

मीटिंगची वेळ हा खरा जाच. कॅलिफोर्नियातल्या टीमचे सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर साडेदहा. जर्मनीच्या टीमचे सकाळचे नऊ उन्हाळ्यात आपले दुपारचे साडेबारा. कॉलेज सांभाळून करायचं तर मला दुसरी टीम बरी वाटते. मेंटॉर रात्री झोपलेला असतो, म्हणून प्रश्न अर्धवट विचारू नका: कमिट (कोडची नेमकी आवृत्ती), कमांड, पूर्ण लॉग आणि आतापर्यंत काय करून पाहिलं, हे एकाच मेसेजमध्ये. एक चुकलेली ओळ म्हणजे एक गेलेला दिवस.

जुलै-ऑगस्टमध्ये डेडलाइन असेल तर आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी बघत चला. 40 फूट ही इशारा पातळी, 45 धोक्याची. चाळिसाकडे सरकली की ब्रँच पुश करा (केलेलं काम सर्व्हरवर चढवा), टीमला कळवा आणि लॅपटॉप घेऊन उंचावरच्या पाहुण्यांकडे जा.