'शुगर फ्री' नाचणी बिस्किटे: चव चांगली, पाकिटावरचा मजकूर फसवा

नौपाड्यात गोखले रस्त्यावरील एका दुकानातून गेल्या महिन्यात नाचणीच्या बिस्किटांची १५० ग्रॅमची दोन पाकिटे प्रत्येकी १२० रुपयांना घेतली. वडिलांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे आणि दुपारच्या चहाबरोबर त्यांना काहीतरी तोंडात टाकायला लागतेच, त्यामुळे हिरव्या पाकिटावरील 'शुगर फ्री' ही ठसठशीत अक्षरे पाहून मी अधिक चौकशी केली नाही. बिस्किटे खुसखुशीत आहेत, वेलचीचा मंद वास आहे आणि चहात बुडवली तरी ती लगेच तळाला जाऊन बसत नाहीत. चवीबद्दल तक्रार नाही.

आठवडाभरात बाबा "यात साखर नाही ना" असे म्हणत दोनाच्या जागी पाच बिस्किटे खाऊ लागले, तेव्हा मी पाकीट उलटून पाहिले. घटकांच्या यादीवरच दुकानाचे किमतीचे स्टिकर होते. ते नखाने खरवडून काढले आणि बाबांचे भिंग लावले, तेव्हा कुठे मजकूर वाचता आला. मैदा, गूळ, पामतेल आणि चौथ्या क्रमांकावर नाचणीचे पीठ, १२ टक्के. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचा नियम असल्यामुळे हे मुळात मैद्याचे बिस्कीट आहे हे उघड होते. यादीच्या शेवटी आयएनएस १५०डी, म्हणजे कॅरामेल रंगही आहे. नाचणीचा म्हणून जो तपकिरी रंग आपण कौतुकाने पाहतो, त्यात त्याचा वाटा किती, हे कंपनीच जाणे.

पुढची बाजू पुन्हा निरखली, तर 'शुगर फ्री'च्या डोक्यावर, हिरव्यावर हिरव्या अक्षरांत, 'रिफाइंड' हा शब्द सापडला. थोडक्यात, पांढरी साखर नाही, गूळ आहे. आणि गूळ म्हणजे बहुतांशी साखरच, हे मधुमेही माणसाच्या घरात कोणाला सांगावे लागत नाही. पोषणतक्त्यात १०० ग्रॅममागे २४ ग्रॅम साखर छापलेली आहे, तर अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार 'शुगर फ्री' म्हणवून घ्यायचे तर घन पदार्थात १०० ग्रॅममागे अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. एक बिस्कीट दहा ग्रॅमचे धरले तर बाबांच्या पोटात रोज बारा ग्रॅम, म्हणजे सुमारे तीन चमचे साखर जात होती, आणि चहा मात्र ते निष्ठेने बिनसाखरेचा पीत होते. पाकिटावर 'हाय फायबर' आणि 'कोलेस्टेरॉल फ्री' असेही दावे आहेत. 'हाय फायबर'साठी १०० ग्रॅममागे ६ ग्रॅम तंतू लागतात, तक्त्यात ३.८ आहेत. 'कोलेस्टेरॉल फ्री' हे तेवढे खरे, पण वनस्पतिजन्य तेलात ते नसतेच.

दुकानदाराने न फोडलेले पाकीट निमूटपणे परत घेतले. किमतीचे स्टिकर यापुढे पुढच्या बाजूला, 'शुगर फ्री'वर लावा, असे मी सुचवले. "मग माल खपणार कसा?" असे तो हसून म्हणाला.