गोव्यातल्या वेर्ण्याच्या बॅटरी कारखान्यात वापरलेला पी-३ हाफ मास्क

शिशाचा धूर आणि भुकटी अडवायला हा नाक-तोंड झाकणारा रबरी मास्क उत्तम; पी-३ म्हणजे बारीक कण गाळणाऱ्या फिल्टरचा सगळ्यात वरचा दर्जा. दाढी वाढली की कडेला फट राहते, म्हणून मी रोज दाढी करूनच शिफ्टला जातो. पावसाळ्यात आत घाम साचतो, तेवढं सोसावं. श्वास जड जायला लागला की फिल्टर बदलायचाच.

आमच्याकडे आधी साधे कापडी मास्क देत. त्यातून शिशाचे बारीक कण आरपार जातात! २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातच शिशाची विषबाधा कळवणं बंधनकारक केलं होतं. मग पणजीतल्या आल्तिनोच्या कारखाने निरीक्षकांनी न सांगता येऊन रक्ततपासणीच्या नोंदी बघायलाच हव्यात.

मास्क असला तरी जेवणाआधी साबणाने हात धुवा. कामाचे कपडे घरी नेऊ नका, लहान पोरांना शिसं फार बाधतं. फिल्टरची जोडी आधीच मागवून ठेवा.