पेट्रोलचा काटा चुकतोय: जुना सेंडर दुरुस्त करावा, नवा बसवावा की मीटरच बदलावा?

जुना ट्रक रिस्टोअर होऊन आला, इंजिन पहिल्याच सेल्फला उचलतं, पण टाकी भरलेली असो की रिकामी, पेट्रोलचा काटा मात्र फुलच्या पलीकडे जाऊन चिकटतो. अशा वेळी तीन सल्ले मिळतात: जुना सेंडर (टाकीत तरंगणाऱ्या फ्लोटच्या दांड्यावरून पेट्रोलची पातळी मीटरला कळवणारा भाग) दुरुस्त करा, नवा आणा, नाहीतर डॅशबोर्डातला मीटरच काढून नवा संच बसवा. मी इथे १९४७ ते १९५५च्या सुरुवातीपर्यंतच्या शेव्हरोले ट्रकबद्दल लिहितोय. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९५४ पर्यंत चालू होता आणि शेव्हरोलेचे ट्रक तिथे जोडले जात, त्यामुळे हे ट्रक आपल्याला परके नाहीत.

पैसे काढण्याआधी एक तपासणी करा. या मीटरला टाकी रिकामी असताना सेंडरकडून ० ओहम (करंटला होणाऱ्या अडथळ्याचं माप) लागतात आणि भरलेली असताना ३०. म्हणजे सेंडरची वायर थेट अर्थ केली, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडली, तर काटा एम्टीवर यायला हवा आणि वायर मोकळी सोडली तर फुलच्या पुढे जायला हवा. मधल्या तपासणीसाठी १५ ओहमचा, पाच वॅटचा रेझिस्टर वायर आणि अर्थ यांच्यामध्ये जोडा. काटा अर्ध्यावर थांबला तर मीटर आणि वायरिंग दोन्ही ठीक आहेत. हे सगळं टाकीपासून लांब, किल्ली बंद ठेवून जोडायचं आणि मगच किल्ली फिरवायची. १९४९ पासून या पिकअपची टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागे असते. तिथे वाफ साठलेली असताना ठिणगी उडणं परवडणारं नाही.

रिस्टोअर केलेल्या ट्रकमध्ये माझा पहिला संशय नेहमी अर्थवर असतो. टाकीला नवा रंग, केबिनला नवा रंग, सेंडरच्या चकतीखाली नवं गॅस्केट: मग करंट परत जाणार कुठून? अर्थ तुटला की काटा फुलच्या पुढे जातो, आणि आपण बिचाऱ्या सेंडरला दोष देतो. चकतीच्या एका स्क्रूखालचा रंग पॉलिश पेपरने खरवडा आणि तिथून चॅसीपर्यंत स्वतंत्र वायर टाका. मीटरची पाठही अशीच तपासा, कारण त्यालाही डॅशच्या पत्र्यातून अर्थ मिळतो. कित्येक ट्रकांचं दुखणं इथेच संपतं.

अर्थ ठीक असूनही काटा चुकत असेल, तर मग सेंडर. जुना दुरुस्त करण्याचा मोठा फायदा म्हणजे त्याची ओहमची रेंज मुळातच बरोबर असते आणि दांड्याची लांबी त्याच टाकीसाठी केलेली असते. तो बाहेर काढा, मल्टीमीटर लावा आणि दांडा सावकाश वर-खाली करा. आकडा ० पासून ३० पर्यंत सलग चढला तर उत्तम. मध्येच उडी मारत असेल तर आतली तार किंवा तिच्यावरून सरकणारा पत्रा घासलाय. हलक्या सफाईने कधी सुधारतो, तार तुटली असेल तर नाही. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं की भोक पडलंय. तो बुडतो आणि काटा कायम एम्टीवर राहतो. असा फ्लोट सरळ बदला. आत पेट्रोलची वाफ असताना त्याला डाग देऊ नका, म्हणजे सोल्डर करू नका. फ्लोट कॉर्कचा आणि शेलॅक (लाखेचं वॉर्निश) लावलेला असेल तरीही बदलाच, कारण शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतं आणि आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं.

नवा सेंडर सोपा पडतो, पण इथेच बहुतेकांची फसगत होते. दिसायला सारखा म्हणून २४० ते ३३ ओहमचा (पहिला आकडा रिकाम्या टाकीचा, दुसरा भरलेल्या टाकीचा) घातला तर काटा कायम फुलवर राहील. जुन्या फोर्डचा ७३ ते १० वाला घातला तर टाकी रिकामी होताना काटा वर चढेल. पुढच्या काळातल्या शेव्हरोलेचा ० ते ९० वाला सगळ्यात घातक: एम्टी बरोबर दाखवतो, म्हणून शंका येत नाही, पण टाकी एक तृतीयांश असतानाच फुल दाखवतो. दुकानदाराला गाडीचं नाव सांगून थांबू नका, ओहम विचारा आणि काउंटरवरच मल्टीमीटर लावा.

राहिला मीटर. ट्रक सहा व्होल्टवरून बारावर नेला म्हणून तो बदलायलाच हवा, हे मला पटत नाही. त्यात दोन कॉइल एकमेकींविरुद्ध काटा ओढतात, त्यामुळे व्होल्टेज वाढलं तरी काट्याची जागा फारशी बदलत नाही. कॉइल मात्र जास्त तापतात. मीटरच्या इग्निशनकडच्या टोकाला व्होल्टेज रिड्यूसर लावला की भागतं. तो सेंडरच्या वायरमध्ये कधीही लावू नका, सगळं रीडिंग बिघडेल. नवा संच फक्त दोघांसाठी योग्य: ज्यांच्या मीटरची कॉइल खरंच जळली आहे, आणि ज्यांना ट्रक रोज लांब पल्ल्यावर चालवायचा आहे व मूळ डॅशचा आग्रह नाही. तेव्हा सेंडरही त्या मीटरच्या जोडीचाच घ्या.

काहीही निवडलंत तरी टाकी रिकामी असतानाच सेंडर बसवा आणि मोजून पाच-पाच लिटर ओतत काटा पाहा. एम्टीच्या खुणेवर थोडं पेट्रोल शिल्लक राहील इतका दांडा वाकवून घ्या, आणि मगच सीट परत बसवा.